वॉरंटीतला कॅमेरा आणि हाती आलेलं बिल

कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेची शेवटची पानं सहसा कुणी वाचत नाही. तांत्रिक तपशिलांच्या त्या गर्दीत बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या बाबतीत एक ओळ असते: वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस, आर्द्रता ८५ टक्के किंवा कमी. मौद्यातल्या फोटोग्राफरने ही ओळ जरूर वाचावी. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं, कन्हान नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. इथे मे महिन्यातली दुपार ४० अंशांच्या आत क्वचितच राहते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत असते. वरातीची धूळ, मंडपातली कोंदट हवा, घामेजलेले हात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गळ्यात लटकलेला कॅमेरा. पुस्तिकेतली मर्यादा आणि इथलं रोजचं काम यांचा मेळ बसत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं. तरी कॅमेरे इथे विकले जातात.

समजा, अशाच एका हंगामात झूम लेन्स मध्येच अडकते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एररचा आकडा येतो. वॉरंटी संपायला अजून काही महिने आहेत, म्हणून फोटोग्राफर निर्धास्तपणे लेन्स नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला देतो. काही दिवसांनी एस्टिमेट येतं. त्यात पार्टची किंमत, मजुरी, वर जीएसटी आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: ‘फिजिकल डॅमेज’. कधी ‘लिक्विड डॅमेज’ असतं, कधी ‘कस्टमर इन्ड्यूस्ड’. हे शब्द लिहिले गेले की वॉरंटी बाजूला पडते आणि दुरुस्तीचा सगळा खर्च ग्राहकाच्या अंगावर येतो.

इथे बहुतेक जण रकमेवर घासाघीस करतात. ‘साहेब, काहीतरी कमी करा’, असं म्हणून दहा-वीस टक्के सूट पदरात पाडून घेतात आणि पैसे भरतात. त्या सुटीची किंमत मोठी असते, कारण ती घेताना नुकसान आपल्यामुळे झालं हे आपण न बोलता मान्य केलेलं असतं. वाद रकमेचा करूच नये, कारणाचा करावा. ‘फिजिकल डॅमेज’ हा निष्कर्ष आहे. तो ज्या पुराव्यावरून काढला तो पुरावा दाखवा, एवढीच मागणी सुरुवातीला असावी.

पुरावा असतो, आणि चांगल्या तंत्रज्ञाला तो दिसतोही. लेन्स पडली असेल तर पुढच्या फिल्टरच्या कड्याला पोचा येतो, मागचं धातूचं माउंट किंचित वाकतं, आतल्या प्लास्टिकच्या ज्या खुंट्यांत स्क्रू बसलेले असतात त्या तडकतात. काचांचा एखादा गट मध्यरेषेपासून सरकतो. त्यामुळे फोटोची एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी मऊ येते. ही शेवटची खूण घरीसुद्धा तपासता येते. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवावीत, ट्रायपॉडवरून अगदी समोरून फोटो घ्यावा, मग कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्यावा. पहिल्या फोटोत पानांचा डावा कोपरा मऊ असेल आणि कॅमेरा उलटा केल्यावर पानांचा उजवा कोपरा मऊ आला, तर दोष भिंतीकडे तिरपं पाहण्यात नाही, उपकरणात आहे. पाणी शिरलं असेल तर तांब्याच्या जोडांवर हिरवट किंवा पांढुरकी पुटं चढतात. या सगळ्यांचे फोटो काढता येतात. सर्व्हिस सेंटरने उपकरण उघडलेलं असतं, तेव्हा हे फोटो काढणं त्यांना एका मिनिटाचं काम आहे. आघात झाला असं लिहिणाऱ्याने आघाताची खूण दाखवायला हवी.

खूण दाखवली तरी प्रश्न संपत नाही. बॉडीच्या रबरावर गेल्या वर्षीचा ओरखडा आहे आणि आज अपर्चर अडकलं आहे. ओरखड्याचा अपर्चरशी संबंध काय? झूम लेन्समध्ये अपर्चरला वीज आणि संदेश पोहोचवणारी एक पातळ लवचीक पट्टी असते, तिला फ्लेक्स केबल म्हणतात. झूम पुढेमागे करताना ती दर वेळी वाकते आणि वाकून वाकून एक दिवस तुटू शकते. ही झीज आहे. ती अपेक्षेपेक्षा फार लवकर झाली तर मांडणीतला किंवा घडणीतला दोष आहे. उपकरण कधी तरी कुठे तरी आपटलं होतं एवढ्यावरून हा दोष वॉरंटीबाहेर जात नाही. अमुक आघातामुळे तमुक भाग निकामी झाला, ही साखळी जोडून दाखवावी लागते. माझ्या मते या प्रकारच्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीसाठी मॅग्नसन-मॉस नावाचा स्वतंत्र कायदा आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली, त्यात कॅमेरे बनवणारी सोनीही होती. आमचेच सुटे भाग किंवा आमचीच सेवा वापरली नाही, स्टिकर काढला, तर वॉरंटी रद्द, असं सरसकट सांगता येणार नाही, असा त्या ताकिदीचा आशय होता. युरोपीय संघात विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते आणि पहिल्या वर्षात उघड झालेला दोष मुळातच होता असं गृहीत धरलं जातं. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. भारतात असं गृहीतक नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टलही सुरू झालं. पण त्यासाठी निवडलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. कॅमेऱ्याचं नाव त्यात वेगळं नाही. त्यामुळे आपल्याकडे कॅमेऱ्याचा मालक ग्राहक संरक्षण कायद्यावरच विसंबतो.

कंपनीचं पहिलं उत्तर हे शेवटचं सत्य नसतं, याचं कॅमेऱ्यांच्या इतिहासातलं ठळक उदाहरण म्हणजे निकॉन डी६००. हा फुल-फ्रेम कॅमेरा सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आला आणि काही महिन्यांतच मालकांना फोटोंच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सूचना काढली. थोडी धूळ सेन्सरवर बसणं पूर्णपणे टाळता येत नाही, साफ करून घ्या, तरी राहिली तर सर्व्हिस सेंटरला दाखवा, असा तिचा सूर. म्हणजे धूळ बाहेरची, वापरातली. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवं शटर घेऊन डी६१० आला. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की डी६०० ची तपासणी, सफाई आणि शटरसह भाग बदलणं मोफत होईल, वॉरंटी संपली असली तरी. त्यानंतर १५ मार्च २०१४ रोजी, जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या कॅमेऱ्यावर कार्यक्रम केला आणि तिथे त्याची विक्री थांबवावी लागली. पहिल्या सूचनेपासून मोफत शटरपर्यंत एक वर्ष गेलं. या काळात आपलीच धूळ समजून गप्प बसलेल्यांपेक्षा ठिपक्यांचे फोटो तारखेनिशी जपून ठेवणाऱ्यांनी सगळ्यांचंच भलं केलं.

उष्णतेबद्दलचं उदाहरण विदर्भाला अधिक जवळचं आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीने मान्य केलं की साधारण २००२ ते २००४ या काळात बनलेल्या तिच्या काही सीसीडी सेन्सरमध्ये आतल्या बारीक तारांचे जोड सुटतात आणि चित्र वेडंवाकडं येतं किंवा येतच नाही. हे जोड सुटायचे ते उष्ण आणि दमट हवेत. सोनीचे सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी अशा इतरांच्या कॅमेऱ्यांतही होते. त्या कंपन्यांनीही मोफत दुरुस्ती जाहीर केली. नुकसान उष्णतेने घडवलं, हे खरंच होतं. तरी तुम्ही गरम हवेत कॅमेरा वापरलात असं म्हणून ग्राहकाला परत पाठवता आलं नाही, कारण तो जोड मुळात कच्चा होता. म्हणून मौद्यातल्या फोटोग्राफरला कुणी ० ते ४० अंशांची ओळ दाखवली तर त्याने दोन गोष्टी विचाराव्यात. ही मर्यादा वॉरंटी कार्डावर वगळलेल्या कारणांमध्ये लिहिली आहे का? आणि नागपूर जिल्ह्यात कॅमेरा विकताना ती सांगितली होती का? तपशिलाच्या तक्त्यातला आकडा आणि वॉरंटी नाकारण्याची अट या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उलट बाजू. कॅमेरा खरोखरच स्टेजवरून पडला असेल, त्यावर सरबत सांडलं असेल, तर भांडू नये आणि लपवूही नये. वॉरंटी घडणीतल्या दोषाची असते, अपघाताची नसते. लेन्समधल्या बुरशीलाही ती सहसा लागू होत नाही. त्यासाठी विमा आहे. कॅमेऱ्यावर पोट असलेल्या माणसाने अपघाती नुकसान धरून उपकरणांचा विमा काढणं शहाणपणाचं ठरतं. शिवाय जॉबशीटवर पडल्याचं दडवलं आणि आत तुटलेल्या खुंट्या सापडल्या, तर बाकीच्या खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही उडतो.

खरी तयारी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर होते. उपकरण देण्याआधी सगळ्या बाजूंचे, माउंटचे, पुढच्या काचेचे आणि सिरियल नंबरचे फोटो घ्यावेत. दोष दिसतो तसा छोटा व्हिडिओ करावा. जॉबशीटवर बाह्य स्थितीचा रकाना रिकामा सोडू देऊ नये. ‘पोचा नाही, माउंट सरळ, काचेवर ओरखडा नाही’ हे शब्द तिथेच लिहून घ्यावेत, कारण पुढे लेन्स दुसऱ्या शहरात पाठवली गेली आणि तिथून ‘माउंट वाकलेलं’ असा शेरा आला, तर वाकलं कुठे याचं उत्तर याच कागदात मिळतं. दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू भारतीय करार कायदा, १८७२ च्या भाषेत निक्षेप असते. घेणाऱ्याने ती सामान्य शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू जपावी तशी जपायची, असं कलम १५१ सांगतं. वाटेत कुरिअरने आपटली तर ती जबाबदारी आपली नाही. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत द्यावी, मूळ कागद देऊ नयेत. अधिकृत आयातीबाहेरचा, बिनबिलाचा स्वस्त माल घेतला असेल तर मात्र भारतातली कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि तिथे फारसं काही करता येत नाही.

एस्टिमेट आलं की फोनवर बोलू नये, ईमेल करावा. निकामी झालेला नेमका भाग कोणता, तो कशामुळे निकामी झाला, आघाताच्या किंवा पाण्याच्या खुणांचे फोटो, तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला, हे मागावं. बदललेला जुना पार्ट परत हवा हेही आधीच कळवावं, तोच पुढे पुरावा असतो. सभ्य भाषेत, मुद्द्याला धरून लिहिलेल्या अशा पत्रावर पुष्कळदा एस्टिमेट पुन्हा तपासलं जातं.

दुरुस्ती नको म्हटलं तर वस्तू परत मिळायला हवी. करार कायद्याचं कलम १७० कारागिराला त्याच्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू देतं, पण ते केलेल्या कामासाठी. नाकारलेल्या एस्टिमेटसाठी नाही. तपासणी शुल्क आधी कळवलं आणि आपण मान्य केलं असेल तर तेवढं द्यावं. हंगाम तोंडावर आहे आणि लेन्सशिवाय काम अडलंय, अशी वेळ बहुधा येतेच. तेव्हा पैसे भरून लेन्स सोडवावी, पण पावतीवर आणि त्याच दिवशीच्या ईमेलमध्ये ‘आक्षेप राखून, अंडर प्रोटेस्ट’ असं स्पष्ट लिहावं. असे भरलेले पैसे परत मागण्याचा रस्ता खुला राहतो. मुकाट्याने भरले तर तो अरुंद होतो.

एवढ्यानेही मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही. तो देण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. या व्यवस्थेमागे महाराष्ट्राचे कष्ट आहेत, हे इथे सांगायलाच हवं. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तेव्हा देशात ग्राहकासाठी असा कायदा नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी आला. आजचा कायदा २०१९ चा आहे आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने दूरच्या गावातल्या ग्राहकाला एक मोठी सोय दिली. पूर्वी कंपनीचं कार्यालय जिथे किंवा वाद जिथे उभा राहिला तिथे तक्रार करावी लागे; आता कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्राममध्ये असो वा मुंबईत, मौद्याच्या रहिवाशाची तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगात चालते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. मुदत दोन वर्षांची असते, आणि नुसती ईमेलची देवाणघेवाण चालू ठेवल्याने ती लांबत नाही, हे विसरू नये.

कंपनीचा वकील पहिला हल्ला बहुधा इथे करतो: हा फोटोग्राफर व्यवसायासाठी कॅमेरा वापरतो, म्हणून तो ग्राहकच नाही. या मुद्द्यावरचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात लागला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट, सर्वोच्च न्यायालय, १९९५. तक्रार लेथच्या जातीच्या एका महागड्या यंत्राची होती आणि तक्रारदार लक्ष्मी इंजिनिअरिंग मोठ्या प्रमाणावर उत्पादन करत असल्याने हरली. पण त्याच निकालाने छोट्या माणसासाठी रेषा आखून दिली: स्वतः चालवण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा, स्वतः काम करण्यासाठी लेथ घेणारा, पोटापाण्यासाठी वस्तू वापरणारा हा ग्राहक आहे. आजच्या कायद्याच्या कलम २(७) मध्ये स्वयंरोजगाराचं हेच स्पष्टीकरण आहे. स्वतः कॅमेरा हातात धरून लग्नं टिपणारा, सोबत एखादा मदतनीस ठेवणारा फोटोग्राफर या व्याख्येत बसतो. पगारी माणसं आणि अनेक कॅमेरे असलेल्या मोठ्या स्टुडिओला ते कठीण जाईल. तक्रारीत ‘स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी’ हे स्पष्ट लिहावं, बिल दुकानाच्या नावाचं असेल तर आवर्जून. मे २०२४ मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी आधार दिला: खरेदी व्यापारी हेतूने होती हे सिद्ध करण्याचा भार तसा आक्षेप घेणाऱ्या पक्षावर आहे.

दुसरी चूक तक्रारदाराकडून होते. नव्या कायद्यातलं ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’चं प्रकरण वाचून तो त्याखाली मोठी भरपाई मागतो. त्या प्रकरणातल्या हानीच्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान आणि वॉरंटीभंगातून झालेलं नुकसान वगळलेलं आहे. कॅमेरा फुटून डोळ्याला इजा झाली तर ते प्रकरण उपयोगी. कॅमेराच बिघडला तर साधा रस्ता धरावा: वस्तूतला दोष, सेवेतली त्रुटी आणि वॉरंटी देऊन न पाळण्याची अनुचित व्यापारी प्रथा. मागणीही बेताची असावी. एक भाग सदोष असताना पूर्ण गाडी बदलून मागणाऱ्या ग्राहकाला सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या प्रकरणात २००६ साली ती मिळू दिली नाही. वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल तर तेवढंच. म्हणून नवा कॅमेरा मागण्याऐवजी वसूल केलेली रक्कम व्याजासह, बिघाड राहिला असल्यास मोफत दुरुस्ती, त्रासाबद्दल वाजवी भरपाई आणि खर्च मागावा. विरुद्ध पक्ष म्हणून कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि दुकानदार तिघांची नावं घालावीत, पण प्रत्येकाने काय केलं ते वेगवेगळं लिहावं. गोव्यातल्या एका डीलरने जुनी, चालवलेली गाडी नवी म्हणून विकली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये टाटा मोटर्स सुटली, कारण डीलरच्या कृत्यात उत्पादकाचा हात होता हे दाखवलं गेलं नव्हतं.

पुढची लढाई तज्ज्ञाच्या मताची. दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अहवालासाठी ४५ दिवस असतात आणि खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. एखाद्या स्वतंत्र, अनुभवी कॅमेरा मेकॅनिकचं लेखी मत आणि शपथपत्र आधीच जोडलं तर बरंच काम सोपं होतं. कंपनीला लेखी उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर १५ दिवस वाढीव मिळतात. त्यापलीकडे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात तारखा यापेक्षा लांबतात, त्याची मनाची तयारी ठेवूनच उतरावं.

आदेश आपल्या बाजूने लागला आणि कंपनी अपिलात गेली, तर तिला आधी आदेशातल्या रकमेची निम्मी रक्कम भरावी लागते. अपिलाची मुदत ४५ दिवसांची असते. ते अपील राज्य आयोगाकडे जातं आणि राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरातच बसतं, त्यामुळे मौद्याच्या फोटोग्राफरला त्यासाठी मुंबईची वारी करावी लागत नाही. आदेश अंतिम झाल्यावरही पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यासाठी त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा वेगळा अर्ज करावा लागतो.